बाराची घंटा

"देवळाची घंटी आयकल्याबिगर तोंडात पाणी घेऊ नोको, बाई."

सासूबाईंनी हे सांगितलं त्याला चौदा वर्षं झाली होती. त्या गेल्या, गाव सुटलं, कोळसा खाणीच्या कॉलनीत बिऱ्हाड आलं, नेम राहिला. म्हणून मिशनच्या शाळेत सिस्टरनी पुढे केलेला सरबताचा पेला गुणाबाईंनी घेतला आणि तसाच बाकावर ठेवला.

"बारा वाजले का घेतो," त्या म्हणाल्या.

शेजारी त्यांची वेणू मान खाली घालून बसली होती. मिडल पास झालेली. चांद्याच्या सरकारी हायस्कुलात पोरांच्या वर्गात मुलगी बसवायला तिचे वडील तयार नव्हते. उरली ही सिस्टरांची मुलींची शाळा, कॉलनीच्या कुंपणाला लागूनच. पण इथे गुणाबाईंचं मन घेईना. दोन्हीकडे नाही म्हटलं तर वेणूनं घरी बसायचं, आणि नणंद धुरपताबाईंनी रविवारी वरोऱ्याचे पाहुणे मुलगी बघायला बोलावलेच होते.

"पोरीले तुमच्या देवाचं म्हणा लागते का?"

"प्रार्थनेला उभं राहावं लागेल. म्हणायची सक्ती नाही." सिस्टरांचं मराठी पुस्तकातलं होतं, उच्चार दक्षिणेकडचे.

"रोज उभी राह्यली का म्हणनच ते."

"मग घरी येऊन तुमचंही म्हणेल. वेळ पुष्कळ असतो मुलींकडे."

वेणूला हसू आलं. तिनं तोंडावर हात धरला.

तेवढ्यात खिडकीबाहेर एका म्हातारीनं दोर ओढला. तीन ठोके. थांबून तीन. पुन्हा तीन. मग सलग नऊ. सिस्टर उठल्या आणि डोळे मिटून पुटपुटू लागल्या. गुणाबाईंचेही हात सवयीनं जोडले गेले, आणि तसेच राहिले. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं, दोराकडे, वर हलणाऱ्या घंटेकडे. कॉलनीत आल्यापासून तीन वर्षं त्या हेच ठोके झाडीपलीकडच्या देवीच्या देवळातले समजून हात जोडत होत्या आणि मगच जेवायला बसत होत्या.

"आई, हे त आपली..."

"चूप."

सिस्टर बसल्या. ते जोडलेले हात त्यांनी पाहिले असावेत. त्यांनी वही पुढे ओढली.

"एक मागते. दरवर्षी माझ्या दोन-तीन मुली नववीतून लग्नाला जातात. हिला मॅट्रिकपर्यंत काढणार नाही, असा शब्द द्या. नाहीतर नाव लिहीत नाही."

गुणाबाईंनी हात सोडवले. पेला उचलला आणि थांबत थांबत, तळाची साखर राहीपर्यंत प्यायल्या.

"देल्ला शब्द. लिवा नाव."

परतताना वेणू कुंपणापर्यंत मागे मागे चालत आली. मग म्हणाली, "आत्याबाई काय म्हणन?"

"तुही आत्या काई ना काई म्हणतेच. आज नवीन काय?"

कॉलनीच्या फाट्यावर त्या थांबल्या. खालच्या चाळीत धुरपताबाई दिसत होत्या. रविवारला चार दिवस होते, तरी त्या आत्ताच अंगण सारवत होत्या.

"तू घरी जाय. भात मांड."

"अन् तू कुठी?"

"येतो मी."

गुणाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, आणि तापलेल्या रस्त्यानं त्या खालच्या चाळीकडे वळल्या.