विचारायची बंदी

दुष्काळात दूध संघाने टँकर सुरू केला, तेव्हा जैनबबीला बरंच वाटलं होतं. पण टँकरवर नेमला बंकट, आणि बंकटचं पाणी आधी सभासदांना, मग त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांना, उरलंसुरलं बाकीच्यांना. जैनबबीच्या सुनेने, हाफिजाने, रांगेतली आपली जागा सोडली नाही एवढंच झालं. बंकटने पाइपाचं लोखंडी तोंड तिच्या कपाळावर हाणलं. पोटुशी बाई, पदर रक्ताने भिजला, आणि सगळी रांग खाली मान घालून उभी राहिली. मेल्यांना पाणी हवं होतं ना!

हाफिजा ठाण्यात जायला तयार होईना. ती सरहद्दीपलीकडची. जैनबबीचा मुलगा कय्युम पुण्याकडे गॅरेजात होता, तेव्हा तिच्याशी निकाह करून तिला गावी घेऊन आला होता. आता तो ऊसतोडीला गेलेला, आणि ही खाकी कपडे दिसले की दार लावून घ्यायची.

"भेती कावून?" जैनबबी म्हणाली. "धर्मराज हाय की तिथं. माजा भाऊ हाय त्यो."

हवालदार धर्मराजला ती कितीतरी वर्षं राखी बांधत होती. शिवाय फौजदाराने चावडीवर सगळ्यांदेखत सांगितलं होतं की राज्याचा हुकूम आहे. फिर्याद द्यायला आलेल्याला तू कुठला, कागद दाखव, असं आम्ही विचारणार नाही. ते काम दिल्लीवाल्यांचं.

धर्मराजने खरंच काही विचारलं नाही. बाकावर बसवलं, पाणी दिलं, लिहायला घेतलं. इथेच जैनबबी चुकली. आपल्याकडे बाई भावाच्या दारात गेली की पोटातलं सगळं ओतते. भावापासून झाकून ठेवायचं, तर नातं कसलं?

"भाऊ, औंदा ओवाळनी नको मला," ती म्हणाली. "पोर सरहद्दीपल्याडची हाय, कागुद न्हाई तिच्यापाशी. तिला तूच संबाळ."

धर्मराजने घाईघाईने हात वर केला, पण पलीकडच्या टेबलावरून फौजदार बघत होता. बंदी होती ती विचारायची. कुणी आपणहून सांगितलं, तर ऐकलंच नाही म्हणायची त्याची तयारी नव्हती. त्याने दिल्लीवाल्यांच्या कचेरीत फोन लावला.

"गप बसायचं ना गं आक्का," धर्मराज कसाबसा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जीप आली आणि हाफिजाला घेऊन गेली. जैनबबी जीपच्या दाराला लोंबकळली, ओरडली, शिव्या दिल्या. कुणी ऐकलं नाही. निरोप मिळून निघालेला कय्युम अजून वाटेतच होता.

धुरळा बसल्यावर तिने शेजारी उभ्या असलेल्या धर्मराजची बाही धरली. "आनि बंकटला कवा धरनार?"

"फिर्याद हाफिजाची हुती, आक्का. फिर्यादीच न्हाई तर केस कशी उबी ऱ्हानार?"

"मंग मी देते. माजी सून नेली म्हून लिव."

"कुनावर लिवू?"

जैनबबीने जीप गेली त्या रस्त्याकडे बघितलं.

"माज्यावर," ती म्हणाली. "जैनबबी, असं नाव घाल."