बंद झाली का, ते विचारा

विभावरीचं डोकं सकाळपासून तापलं होतं. परक्यांच्या जागी सौदी माणसं घ्यायच्या सौदीकरणात तिची प्रोग्रामरची खुर्ची हनान या सौदी मुलीला जाणार हे ठरून गेलं होतं. पोरीला काम शिकवायचं आणि इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला की गाशा गुंडाळायचा. तेही तिने गिळलं. पण काल हॉस्पिटलच्या लॅबमधले ढीगभर रिपोर्ट कोरे निघाले, आणि आज विभागप्रमुख गुरुनाथसरांनी केबिनचं दार लोटून आवाज खाली आणला.

"हनानने सर्व्हरवर काहीतरी केलं, एवढंच म्हण. नवी आहे, लॅबच्या डॉक्टरांना पटेल. तुझा इकामा मी वाढवून घेतो."

"आणि तिने केलं नसेल तर?"

"अगं, तुझ्या तोंडचा घास काढायला आलीय ती! तिचा कसला पुळका?"

विभावरी ताडकन उठली.

हनान स्क्रीनसमोर पापण्या पुशीत बसली होती. विभावरीला ती उस्ताजा, म्हणजे शिक्षिका, म्हणायची. "उस्ताजा, मी कशाला हात लावला नाही. प्रोग्राम तर म्हणतो, रिपोर्ट जतन झाला."

"सरक!" विभावरी खेकसली. हिच्यापायी लेकीची, आर्याची शाळा अर्ध्यावर सुटणार, आणि वर हिचेच डोळे पुसायचे?

कोड उघडला मात्र, राग दुसरीकडे वळला. फाईल उघड, लिही, बंद कर. लिहिताना चूक झाली का, हे विचारलेलं. बंद करताना मात्र काहीच नाही. लिहिलेलं आधी मेमरीत थांबतं. कित्येकदा फाईल बंद होतानाच पलीकडच्या सर्व्हरवर उतरतं. सर्व्हर तर काठोकाठ भरला होता. रिपोर्ट उतरला नाही, हे तो बंद होताना दर वेळी सांगत होता. ऐकायला कोणी थांबलंच नव्हतं. जात्यावरची ओवी संपली, बाई पदर झटकून उठली. पीठ पडलं का, हे वाकून कुणी पाहिलंच नाही.

बंद करतानाची तपासणी विभावरीनेच पूर्वी घातली होती. ती सुट्टीत गावी गेली तेव्हा गुरुनाथसरांनी काढून टाकली; बदलांच्या नोंदीत त्यांचंच नाव होतं. चूक सांगणारी लाल अक्षरं दिसली की डॉक्टर फोन करतात, म्हणे!

लॅबचे मोठे डॉक्टर आले. विभावरीने हनानचा हात आपल्या मुठीत धरला आणि दुसऱ्या हाताने एक खोटा रिपोर्ट भरला. स्क्रीन म्हणाला, जतन झाला. तिने तो उघडला. पांढराफटक.

"हिचा हात माझ्या हातात आहे, डॉक्टर. आता कुणी केलं?"

"वेड लागलंय का तुला?" गुरुनाथसर मराठीत फुसफुसले. "इकामा विसर आता."

"विसरले. खलास! माणसांच्या रक्ताचे रिपोर्ट होते ते, सर. तुमचा फोन वाजू नये म्हणून कोरे गेले!"

तेच तिने डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं, तसे ते गुरुनाथसरांकडे वळले. विभावरीने कीबोर्ड हनानकडे ढकलला.

"लिही. फाईल बंद कर म्हटलं की थांबायचं. झाली का, विचारायचं. नाही म्हणाली तर ओरडायचं. उद्या कुणी हे काढ म्हणालं तर?"

"नाही काढणार."

"मोठ्याने!"

"नाही काढणार, उस्ताजा!"

नवा प्रोग्राम चढला. लॅबच्या स्क्रीनांवर लाल अक्षरं उमटली: रिपोर्ट जतन झाला नाही, सर्व्हरवर जागा नाही.

केबिनमधला फोन खणखणला. मग दुसरा.

"उचला, सर," विभावरी म्हणाली, आणि टेबलावरचा आर्याचा फोटो पर्समध्ये टाकला.