दिलराजच्या पायासाठी उपास

सिनेमातला दिलराज घोड्यावरून पडला, तेव्हा किन्हीराजापासून तीन कोसांवरच्या त्या गावात कंट्रोलचं, म्हणजे रेशनचं, दुकान बंद राहिल्याला बावीस दिवस झाले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. तो शालिकरामनं जुळवून दिला.

शालिकराम म्हणजे कंट्रोलवाला. त्र्याहत्तरचा दुष्काळी उन्हाळा होता अन् शेतात पिकलेलं खाऊन सगळ्यांना वर्ष उलटलं होतं. गावाचं पोट चालायचं ते त्याच्या दुकानातल्या सरकारी मिलोवर, अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीवर. त्या दिवशी बाया रिकाम्या पिशव्या घेऊन त्याच्या ओट्यावर चढल्या. पुढं बौद्धवाड्यातली विमलबाई, तिच्यामागं तिची लेक पंचफुला. वय अठरा, सातवी पास, अक्षर मोत्यासारखं.

"शालिकरामभाऊ, आज मिलो घेतल्याबिगर आमी हालत नसतो."

शालिकरामनं उत्तर म्हणून रेडिओ लावला.

रेडिओ म्हणाला, मुंबईत शूटिंग चालू असताना दिलराज घोड्यावरून पडला, पाय मोडला, देशभर लोक प्रार्थना करत आहेत. घोड्याच्या तब्येतीबद्दल रेडिओ काही बोलला नाही. बाया मटकन खाली बसल्या. कस्तुराबाईनं पिशवीनंच डोळे पुसले. पिशवी रिकामी होती म्हणून ते जमलं.

"आता मिलो मागाची येळ हाय का, बाई हो?" शालिकराम हळू आवाजात म्हणाला. "त्याचा पाय जुळेपर्यंत आख्ख्या गावानं उपास धरला पायजे."

गावाला ही गोष्ट फार आवडली. काल चूल पेटली नाही तर लाज वाटत होती. आज तीच चूल व्रताला बसली. माणसं ताठ चालू लागली. गोपीचंद तर किन्हीराजाच्या बाजारात जाऊन, कोणी काही खायला देत नसताना, "नको बावा, उपास हाय," असं चौघांना सांगून आला.

विमलबाई तेवढी बधली नाही.

"आमी छप्पन सालीच उपास सोडले, भाऊ. आमी नुसते भुकेले हावोत."

"तुले दिलराजची दया नाही येत?"

"येते ना. त्याच्या घरी कणगीत काय हाय थे सांगा, मंग ठरवतो किती दया कराची."

विमलबाईच्या घरातल्या कणगीत काही नव्हतं. कणगीच्या बाहेरून मात्र दिलराज होता. बाजारातून आलेल्या पुडीच्या कागदावरचा फोटो पंचफुलानं तिथं चिकटवला होता. दुपारी विमलबाईनं शेवटच्या पसाभर कण्या शिजवल्या.

"मले भूक नाही," पंचफुला म्हणाली.

विमलबाईनं आधी लेकीकडं पाहिलं, मग कणगीकडं.

"थो का तुले इचारून घोड्यावर बसला होता, पंचे?"

पंचफुला जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवायचा प्रश्नच उरला नाही.

चौथ्या दिवशी सगळं गाव हलकं झालं होतं. उन्हात झाडं जमिनीपासून वीतभर वर उभी राहिल्यासारखी दिसत होती. कुत्री भुंकायचं ठरवायची अन् विसरून जायची. पंचफुला भिंतीला टेकून बसली होती. डोळे उघडे होते की मिटलेले, तिला नक्की सांगता आलं नसतं. तेवढ्यात नदीच्या कोरड्या पात्रातून दिलराज आला. एका पायात पांढरा बूट, दुसऱ्याला प्लास्टर. मागून घोडा, मान खाली घालून, चूक झालेल्या पाहुण्यासारखा. दिलराज दारात वाकून आत आला, कणगीवरचा आपला फोटो त्यानं पाहिला, पण त्याबद्दल बोलला नाही. तिच्या समोर बसला. तिनं त्याच्या प्लास्टरवर काडीनं आपलं नाव लिहिलं. वाळूत लिहावं तसं अक्षर उमटलं.

"किती चांगलं अक्षर हाय तुह्यं," तो म्हणाला.

बस, एवढंच. असं तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मास्तरनंसुद्धा नाही.

पाचव्या दिवशी त्याच अक्षरासाठी शालिकरामनं तिला दुकानात बोलावलं. सप्लाय खात्याचे साहेब जीपनं येणार होते, त्यांना गावाचा कागद द्यायचा होता. दिलराजच्या तब्येतीसाठी म्हणून गावानं त्याच्यावर आधीच अंगठे उठवून ठेवले होते. वरची जागा कोरी होती.

"लिव," शालिकराम म्हणाला. "आम्ही समस्त गावकरी दिलराज यांच्यासाठी उपास करत आहोत. सबब या महिन्याचा मिलो आम्हाला नको, तो परत न्यावा."

पंचफुलाचा हात थांबला. मागच्या खोलीतून वास येत होता. बावीस अन् पाच, सत्तावीस दिवसांत तिचं नाक फार हुशार झालं होतं. तिनं मान वळवली. पोती छतापर्यंत होती. मागच्या दाराशी बैलगाडी जुंपून उभी होती. सरकारचा माल ट्रकनं येतो-जातो, अन् ही गाडी तर शालिकरामच्या मेव्हण्याची. कागदावर माल सरकारकडं परत जाणार होता, गाडीतून काळ्या बाजारात.

"काहून थांबली वं? दिलराजसाठी येवढं करत नाही का?"

तिनं लिहिलं. सगळं, काना-मात्रेसकट.

साहेब आले. निंबाखाली खुर्ची टाकली होती. गाव गोळा झालं, कोणी बसून, कोणी एकमेकांना टेकून. साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी दिलराजचा एकेक सिनेमा तीन-तीनदा पाहिला होता.

"वाच पोरी," ते म्हणाले.

पंचफुला कागद धरून उभी राहिली. खाली एकशे बारा अंगठे होते. हा कागद खोटा आहे असं ती म्हणाली असती, तर तिचं कोणी ऐकलं नसतं. या गावात लोक आता एकाच माणसाचं ऐकत होते.

"वाचाच्या आधी सांगतो साहेब. काल दुपारी दिलराज आमच्या घरी आल्ता."

कोणी हसलं नाही. पाच दिवसांच्या उपाशी माणसांना यात अशक्य काही दिसलं नाही.

"स्वप्नात?" साहेबांनी विचारलं.

"सपनातच. नाही तं येवढ्या उन्हात कोन येते? थो म्हन्ला, पाय जुळून नाही राह्यला. गाव जेवल्याबिगर जुळनारच नाही. शालिकरामच्या मांगच्या खोलीतले पोते खोला, आन् आजच्या आज जेवा."

"सपनावर कुठी कारभार चालते, साहेब?" शालिकराम उठला.

"तुमी बसा!" कस्तुराबाई ओरडली. "पाय तुमचा मोडला का त्याचा?"

साहेबांनी रुमाल काढला. "आणि... माझ्याबद्दल काही?"

"म्हन्ला, साहेबानं सोता उभं राहून मापून द्याव."

साहेब ताडकन उठले. एकोणीस वर्षांच्या नोकरीत इतक्या मोठ्या माणसाचा हुकूम त्यांना आला नव्हता.

बोलता बोलता पंचफुलाला एक गोष्ट कळली. प्रत्येक खोट्या वाक्याबरोबर खरं सपन पुसट होत होतं. आधी घोडा गेला, मग बूट, मग प्लास्टरवरचं नाव. पोती बाहेर येऊ लागली तेव्हा तो काय म्हणाला होता, तेही तिला नीट आठवेना. तिनं कागदाची घडी घातली अन् ओळीत उभी राहिली.

संध्याकाळी विमलबाईच्या तव्यावर विटेसारखी लाल भाकर फुगली. देवमन, पंचफुलाचा बाप, दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आला होता. तो जेवत होता. विमलबाई लेकीच्या ताटाकडं पाहत राहिली.

"पंचे, खरंच आल्ता का वं थो?"

"आल्ता."

"मंग तसाच जाऊ देल्ला? बस म्हनाव, पानी देवाव."

"उपास होता ना माय."

"आमचा नोयता," विमलबाई म्हणाली, अन् दुसरी भाकर तिच्या ताटात टाकली.