रुपरावांचा विकल्प

"मामाजी, गाडी काहून थांबोली?"

"सवारी उतरन ना, बापू!"

रविंद्रला हसू आवरेना, पण सासऱ्यासमोर दात काढणार कसे? त्याने तोंडावर रुमाल धरून खोकल्याचं सोंग आणलं. पडद्यावरची लाल मोटार भर रस्त्यात उभी होती, मागून येणाऱ्या मोटारी तिला ठोकरून जात होत्या आणि रुपराव भोयर ब्रेकवर पाय देऊन शांतपणे बसले होते. कोपऱ्यातले आकडे सरसर उतरत शून्यावर आले. यंत्राने रडका सूर काढला आणि खेळ संपला.

"याच्यात सवारी राहतच नाई, मामाजी. नुसतं पळाचं."

"मंग गाडी कायले काढली?"

जरीपटक्याच्या बाजारात निघालेल्या या व्हिडिओ गेमच्या दुकानात रविंद्र मॅनेजर होता. रुपराव म्हणजे शहर बसचे जुने ड्रायव्हर. सत्तावीस वर्षं इतवारी ते सदर, सदर ते इतवारी. पहाटे डेपोत गेलं की गाडी मिळायची, घंटी वाजली की निघायचं, घंटी वाजली की थांबायचं. लग्नसुद्धा वडिलांनी ठरवलं तिथे आणि त्या दिवशी केलं. यात आपलं काही बिघडलं, असं त्यांना कधी वाटलं नाही. पण महिन्यापूर्वीच्या तपासणीत उजव्या डोळ्याने दगा दिला आणि गाडी काढून घेतली गेली. तेव्हापासून माणूस सैरभैर झाला होता. घरी करमत नाही म्हणून जावयाच्या दुकानात येऊन बसायचा.

"हे मशीन पाहा," रविंद्रने त्यांना शेजारच्या यंत्रापुढे उभं केलं. "याच्यात ते सडकेचं लफडं नाई."

पडद्यावर एक निळी मोटार होती. चहूकडे गल्ल्याच गल्ल्या, आणि त्यांच्यात इथे तिथे पिवळी निशाणं.

"रस्ता कोणता?"

"सारेच. निशाणं वेचाचे."

"पयलं कोणतं?"

"तुमच्या मनावर."

रुपराव दांडा धरून उभे राहिले. डावीकडे जावं तर उजवीकडचं निशाण खुणावत होतं. वर जावं तर खालचं राहून जाणार. त्यांचं डोकं चक्रावून गेलं. मन म्हणून जे काही असतं ते ऐन वेळी कुठे दडी मारून बसलं होतं कोण जाणे.

"त्या मशीनवाल्यानं रस्ता आखून देल्ला," रविंद्र समजावू लागला. "यानं खेळणाऱ्यावर सोडलं. वाट्टेल तिकडे जा. आझादी हाय."

"पण भिंती तं यानंच बांधल्या ना?"

रविंद्रने पडद्यावरच्या भिंती निरखून पाहिल्या. दोन वर्षं ही यंत्रं पुसत होता, पण हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तो सुटला.

"बापू," रुपरावांनी खिशातून कागद काढला, "डेपोतून चिठ्ठी आली. माहा विकल्प मागून राहिले."

"मंग देऊन टाका," नाणी खुळखुळवत रविंद्र तिकडूनच म्हणाला.

घरी बायकोने, मनकर्णाबाईंनी, चिठ्ठी दोनदा वाचायला लावली. दृष्टिदोषामुळे आपणास चालकपदावरून कमी करण्यात येत असून, पर्यायी कामाबाबत आपला विकल्प शनिवारपर्यंत लेखी कळवावा.

"विकल्प म्हंजे काय जी?" असं रुपरावांनी डेपोत विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण विचारलं मनकर्णाबाईंनी, आणि उत्तर दिलं रुपरावांनी.

"एवढे कीर्तनं ऐकले अन् विकल्प समजत नाई? महाराज सांगत नाईत का, देवाच्या दारात मनात विकल्प आणू नये म्हणून? मनातली शंका. किंतू."

"अगं माय! मंग साहेब लई भला माणूस दिसते. मनातलं विचारून राहिला."

रुपरावांनाही भरून आलं. सत्तावीस वर्षांत त्यांना असं कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या मनात एकच इच्छा होती, वर्कशॉप. डोळा गेला तरी कान शाबूत होते. इंजिन नुसतं ऐकून कुठे दुखतं ते सांगायचे. गाड्यांच्या आसपास उरलेली चार वर्षं निघाली असती, तर आणखी काही नको होतं. पण इच्छा कोणी विचारली नव्हती, शंका विचारली होती. आणि विचारलं तेवढंच सांगायचं, ही त्यांची रीत. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'मला वर्कशॉपमध्ये ठेवणार नाहीत, हा माझा विकल्प आहे. बाकी साहेबांची मर्जी.'

पुढच्या गुरुवारी बोलावणं आलं. हेडक्लार्क मार्तंडराव जुने ओळखीचे. त्यांनी आदेश वाचून दाखवला: आपल्या विकल्पानुसार आपली नेमणूक कळमन्याच्या भांडारात पहारेकरी म्हणून करण्यात येत आहे.

"कळमना? तिथं तं भंगार टायर राहतात. गाडी येतच नाई."

"तुमीच लेहलं ना, रुपराव, वर्कशॉप नको म्हणून."

"मी? नको म्हणून?"

मार्तंडरावांनी फाईल उघडून कागद पुढे केला. अक्षर रुपरावांचंच होतं. दोघांनी ती एक ओळ पुन्हा वाचली. मग हळूहळू मार्तंडरावांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"अहो, विकल्प म्हंजे कोणतं काम पाहिजे ते! वर्कशॉप, तिकीटघर, भांडार. वाट्टेल ते मागाचं होतं."

"मागाचं होतं?" रुपराव पुटपुटले. "मले वाटलं साहेब मनातलं विचारून राहिले."

"सोमवारीच वर्कशॉपची जागा भरली. तिकीटघरातली बी. आधी तरी याचं ना माह्याकडे!"

रुपराव खाली बसले. आयुष्यात एकदा कोणी आपल्या मनावर सोडलं होतं, आणि आपण काय करून बसलो? की वर्कशॉप मागितलं असतं तरी कळमनाच मिळालं असतं? काहीच उमगेना. राग कोणावर करावा, तेही कळेना. साहेबावर? महाराजांवर? त्या शब्दाचे दोन अर्थ ठेवले त्याच्यावर?

"नाई म्हटलं तं?" त्यांनी विचारलं.

मार्तंडरावांनी चष्मा काढून पुसला. "तं बी आदेश लागूच राहते. इथं फुली मारली हाय, तिथं सही करा."

रुपरावांनी पेन घेतलं. घाई केली नाही. फुलीच्या जागी पूर्ण नाव लिहिलं, रुपराव धोंडबाजी भोयर, आणि पुढे हुद्द्याच्या रकान्यात लिहिलं, 'चालक'.

मार्तंडरावांनी ते पाहिलं. खोडून 'पहारेकरी' करण्यासाठी त्यांनी लाल पेन उचललं, क्षणभर धरलं, मग टोपण लावून खिशात ठेवलं आणि फाईल बंद केली.