उजव्या बाजूची जागा

"गोदाताई, हे काय आहे?"

"विळी."

"आणि हे?"

"किटली. कशेळ्याला हाटेलात हाय की अश्शीच!"

बोलणं तपासायला चित्रांची कार्डं धरून समोर बसलेल्या हर्षला मॅडम मास्कआडून हसल्या. गोदाला मान हलवता येत नव्हती. डोकं चिमट्यात पक्कं धरलेलं, डाव्या कानावरची कवटी उघडलेली, आणि हिरव्या कापडापलीकडे मोठे डॉक्टर तिच्या मेंदूला जागोजागी बारीक वीज लावून बघत होते. दुखत मात्र काही नव्हतं. जागेपणी डोकं उघडणार हे ऐकून तिचा भाऊ दत्ता बाहेर अर्धमेला झाला होता, आणि ही बाई आत बसून, म्हणजे पडून, विळ्या-किटल्या ओळखत होती!

कशेळ्याच्या शाळेत ती बारा वर्षं खिचडी शिजवत आली. फीट अकराव्या वर्षापासून. औषधं सगळी झाली, गुण नाही. लग्न जमलं नाही ते नाहीच. पण एक गोष्ट तिने सख्ख्या भावालाही सांगितली नव्हती. फीट यायच्या आधी तिच्या उजव्या बाजूला कुणीतरी येऊन बसायचं. तोंड दिसायचं नाही, बोलायचं नाही. नुसतं खेटून बसायचं, ती जशी बसली असेल अगदी तसंच. आधी ती भ्यायली, मग सवय झाली, मग चक्क माया जडली. तिने त्याचं नाव ठेवलं होतं, 'सोबत'. एस.टी.त, शाळेच्या पायरीवर, अंथरुणावर ती उजवीकडे हातभर जागा सोडायची.

गेल्या वर्षी मात्र शेगडीपाशी फीट आली, डाळीचं पातेलं कलंडलं आणि पहिलीतल्या भाविकाचा पाय पोळला. पोरगी बरी झाली. तिची किंकाळी गोदाच्या कानातून जाईना. म्हणून तर ती इथवर आली.

"संशयाच्या जागा दोन आहेत," डॉक्टर सकाळी म्हणाले होते. "फीटच्या आधी तुम्हाला जे होतं, ते ज्या जागेला वीज लावल्यावर होईल, ती काढायची. तेवढं तुम्हीच सांगायचं."

काय होतं, असं त्यांनी विचारल्यावर गोदाने "कसंतरीच होतं" एवढंच सांगितलं होतं.

"आता? काही होतंय?" हर्षला मॅडमनी विचारलं.

उजवीकडची चादर दबली. ते आलं होतं. आज बसलं नाही, तिच्यासारखंच आडवं झालं, मान आवळल्यासारखी ताठ धरून.

"काय नाय," गोदा म्हणाली.

"परत बघू. आता?"

"काय नाय, मॅडम."

जन्मात ती कुणासाठी एवढं खोटं बोलली नव्हती.

"वीज चालू हाय का आता?"

"नाही, कधीच बंद केली. का हो?"

ते गेलं नव्हतं. तीस वर्षांत कधी हात न लावणाऱ्या त्या सोबतीने आज तिच्या उजव्या हाताचं बोट गच्च धरलं होतं. मूठ गार होती आणि थरथरत होती. ते घाबरलं होतं!

ती न बोलता पडून राहिली असती तर सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं. पोरांपाशी कलंडणारं डाळीचं पातेलंसुद्धा.

"मॅडम, खोटं बोलले मी. तीच जागा हाय. कोन तरी येतं माझ्यापाशी."

हर्षला मॅडम कार्डं खाली ठेवून पुढे वाकल्या. "आत्ता आहे?"

"हाय."

मग ती पुटपुटायला लागली, "उगी, उगी."

"कुणाला म्हणताय, ताई?"

पलीकडे डॉक्टरांचं काम सुरू झालं. बोटावरची पकड सैल होत होत कधी सुटली, ते तिला कळलंसुद्धा नाही.

ऑपरेशननंतरच्या चार महिन्यांत एकही फीट आली नाही. औषधं घेऊन ती कर्जत स्टेशनबाहेर कशेळ्याच्या जीपमध्ये बसली, डावीकडच्या खिडकीशी, अंग चोरून. जीप भरत आली. भाजीची टोपली घेऊन गावातली जना दारात वाकली.

"कोन हाय का गं हितं?"

'हाय, येतंय,' हे उत्तर तीस वर्षं गोदाच्या जिभेवर होतं. तिने शेजारी पाहिलं. सीटवर तिचा उजवा हात उताणा पडला होता.

"नाय गं. बस."

तिने हात उचलून मांडीवर घेतला आणि जना बसली.