शेपटीकडून सुरुवात

मित्रांनो, मी एक जुने नोझल आहे. जुने म्हटल्यावर लगेच हळहळू नका, माझी कड अजून झिजलेली नाही. अंगठ्याएवढे स्टीलचे नरसाळे आणि तोंडाला चौदा बारीक छिद्रे, एवढाच माझा पसारा. पण बटरक्रीम भरलेल्या पिशवीच्या टोकाला मला बसवा, पिशवी दाबा, हात अलगद वर ओढा, की केकवर केसांचा झुबका उभा राहतो. सिंहाची आयाळ, अस्वलाची पाठ, सगळे माझ्याच तोंडून निघाले आहे. गुलाब काढणारी नोझले स्वतःला फार शहाणी समजतात. त्यांना साधे मांजराचे पिल्लू काढून दाखवायला सांगा!

कारखान्यात पत्रा कापून, वाकवून, भोके पाडून मला घडवले. दुखले की नाही ते आता आठवत नाही. मग मी एका केकवाल्या बाईंच्या हाती पडले आणि माझे नशीब उघडले. तीस वर्षांत त्यांनी एकही ऑर्डर उशिरा दिली नाही. प्राण्यांचा केक हवा तर त्यांच्याकडेच, असे लोक म्हणत. मला मिशी असती तर मी तिला पीळ दिला असता.

एके दिवशी बाई ओल्या फरशीवरून घसरल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. त्या धावपळीत मला धुवायचे राहून गेले. तीन आठवडे मी ड्रॉवरमध्ये रबरबँड आणि अर्ध्या जळालेल्या मेणबत्त्यांच्या सोबतीला पडून होते. पोटातले क्रीम वाळून दगड झाले. फार वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

एक ऑर्डर मात्र आधीच घेतलेली होती. पोस्टमनकाकांच्या नातीसाठी झुबकेदार केसांच्या कुत्र्याचा केक. तो द्यायचा दिवस उजाडला, वेळ संध्याकाळी पाचची.

"आई, मी करते," सून म्हणाली. तिने ऑफिसातून रजाच काढली होती. केक जमला नाही तर सासूबाईंचा तीस वर्षांचा शब्द मोडणार होता, आणि तोही तिच्या हातून.

तिने मला बाहेर काढले आणि माझी तुंबलेली छिद्रे बघून शिवणाची सुई उचलली.

"अगं, सुई नको!" बाई ओरडल्या. "छिद्र मोठं झालं तर एकेक केस दोरीएवढा येईल. गरम पाण्यात बुडव आणि दहा मिनिटं दम धर."

दहा मिनिटांत मी मोकळे झाले. सुनेने पिशवी भरली आणि केकच्या कुत्र्याला कपाळापासून केस लावायला घेतले. तिथेच ती चुकली. केस शेपटीकडून वर लावत जायचे असतात, म्हणजे नवी ओळ आधीच्या ओळीची मुळे झाकते. मला ओरडून सांगायचे होते, पण तोंड क्रीमने भरलेले! साडेतीनला कुत्रा वादळातून पळत आल्यासारखा दिसू लागला.

सुनेचे डोळे भरून आले. "आई, सगळं बिघडवलं मी. तुम्ही डाव्या हातानं तरी..."

"मी हात लावणार नाही," बाई म्हणाल्या. "फुटलं की संपलं, असं ते काय काचेचं भांडं आहे? सुरीनं खरवड, परत पिशवीत भर, शेपटीकडून लाव. आणि मधूनमधून हात थंड पाण्यात बुडव. तुझ्या तळव्याच्या उबेनं क्रीम पातळ होतंय."

तिने सगळे खरवडले. या वेळी तिचा हात सावकाश चालला आणि मीही जीव ओतला. पाचला पाच मिनिटे असताना शेवटचा झुबका कपाळावर बसला.

पोस्टमनकाका खोक्यात डोकावले. "वा ताई! हात बरा झाला वाटतं. तुमचं काम म्हणजे प्रश्नच नाही!"

बाईंनी प्लास्टरमधला हात वर करून दाखवला. "माझं नाही हो, भाऊ. हे सगळं हिचं काम. पुढची ऑर्डर हिलाच सांगा."

मित्रांनो, काम झाले की आधी हत्यार धुवा, मग कौतुक ऐका. काका अजून दारातच उभे राहून वाखाणत होते, आणि सून मला गरम पाण्याखाली धरून माझे एकेक छिद्र उजेडात तपासत होती.