उजवीकडची वरची जोडी

शरच्चंद्र बेहेरे पुण्याहून भाचीचं लग्न उरकून कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या घरी परतले आणि हॉलच्या दारातच थबकले. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना त्यांचे दोन लाकडी स्पीकर असायचे. तिथे आता छातीइतके उंच, तोंड दिसेल असे चकचकीत दोन काळे खांब उभे होते.

"माझे कुठे गेले?"

"चांदनी बाजारातला एक जुना माल घेणारा घेऊन गेला," अजेय फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला. "त्यांचं लाकूड फुगलं होतं, बाबा. आता ते कोण ऐकतो?"

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. म्हणून नाही विचारलं."

शरच्चंद्र आकाशवाणीत ध्वनी-इंजिनिअर होते. बदली होऊन कोलकात्याला आले ते इथलेच झाले. ते स्पीकर त्यांनी स्वतःच्या हातांनी बनवले होते, प्लायवूड कापण्यापासून. तेव्हा अजेय रांगत होता. आता तो सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, आणि घर चालवायचं म्हणजे काय ते ऑफिसातल्यासारखंच, अशी त्याची समजूत होती.

संध्याकाळी त्याने नव्या स्पीकरवर एका बाईची ठुमरी लावली. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर त्याने स्वतःची खुर्ची मांडली होती. असं बसलं की गाणारी व्यक्ती दोन स्पीकरांच्या मधोमध, रिकाम्या जागेत उभी राहून गाते आहे असं वाटायला हवं. त्याचसाठी लोक असले स्पीकर घेतात. अजेयने डोळे मिटले. मग उघडले. मान डावीकडे कलती केली, उजवीकडे कलती केली.

"ती मध्ये नाहीये," तो म्हणाला.

शरच्चंद्र पाण्याचा पेला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांना अर्ध्या मिनिटात कळलं. बाईचा भरीव आवाज मध्येच होता, तबल्याचा डग्गाही मध्ये होता; पण तिचे 'स' आणि 'श', टाळांचा टणत्कार, हे सगळं दोन्हीकडे विखरून भिंतींना चिकटत होतं. म्हणजे एका बाजूच्या बारीक आवाजाच्या भागाची प्लस-मायनस उलटी लागली होती. नव्वद साली स्टुडिओ नंबर दोनमध्ये हेच झालं होतं आणि त्यांनीच ते शोधलं होतं.

"अजेय, मला वाटतं..."

अजेयने हात वर केला. "बाबा, प्लीज. हे तुमच्या रेडिओसारखं नाही. याचं सायन्स वेगळं आहे."

शरच्चंद्रांनी पेल्यातलं पाणी संपवलं आणि आपल्या खोलीत गेले. ऐक मग तुझं सायन्स, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना बरं वाटलं.

पुढचे दिवस अजेयने खोलीला धारेवर धरलं. फरशीवर खडूच्या खुणा झाल्या. स्पीकर बोटभर पुढे, बोटभर मागे. डावीकडे त्याची बायको कादंबरी हिचं पुस्तकांचं कपाट होतं, उजवीकडे बाल्कनीचं काचेचं दार. दोन्ही बाजू सारख्या नाहीत म्हणून आवाज फिरतो, असं त्याने इंटरनेटवर वाचलं. मग कपाट हलवायचं ठरलं. कादंबरी मूळची नाशिकची; घरून भाषांतराची कामं करायची. तिची पुस्तकं खोक्यांत भरून बेडरूममध्ये गेली, पाठोपाठ तिचं टेबलही गेलं. खोकी तिनेच वाहिली. एका खोक्याचा तळ फाटला आणि शब्दकोश तिच्या पायाच्या बोटांवर पडला. शरच्चंद्र तेव्हा समोरच बसले होते. त्यांनी तिला बर्फ आणून दिला.

"थँक्यू बाबा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "काय वेड लागलंय हो याला?"

"लहानपणापासून असाच आहे," ते म्हणाले.

दुकानाने तापस नावाचा माणूस पाठवला. पन्नाशीचा, शांत, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. नैहाटीहून लोकलने सियालदहला यायचा आणि तिथून मेट्रोने सॉल्ट लेकला. त्याने लाल खूण लालला, काळी काळीला लागली आहे ना ते टॉर्च लावून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. दुसऱ्या खेपेला त्याने डावा स्पीकर उजवीकडे नेला आणि उजवा डावीकडे. एकेक बाजू वेगळी लावून ऐकली, तरी दोष उजवीकडेच राहिला.

"दादा, स्पीकर ठीक आहेत," तो त्याच्या बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाला. "एकदा वायरींची अदलाबदल करून पाहू?"

"वायरला हात लावायचा नाही," अजेय म्हणाला. "सीलबंद आल्यात. फॅक्टरीत टेस्ट होऊन. तुमच्या पक्कडीने ओरखडा पडला तर कोण भरून देणार?"

तापसने शरच्चंद्रांकडे पाहिलं. त्यांनी आकाशवाणीत काम केलं होतं हे पहिल्या खेपेला चहा पिताना बोलण्यात आलं होतं, आणि तेव्हापासून तो त्यांना 'काकू' म्हणून आदराने हाक मारायचा. बंगालीत काकालाच काकू म्हणतात. कादंबरी पहिल्यांदा ऐकून खुदकन हसली होती.

"काकू, तुम्हाला काय वाटतं?"

शरच्चंद्रांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "मी काय सांगणार? याचं सायन्स वेगळं आहे."

अजेयला त्यातला टोमणा कळला नाही. त्याने फक्त मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नव्हतं. शरच्चंद्रांनी ट्रंकेतून जुना मीटर काढला, त्यात नवा सेल घातला आणि गुडघे टेकून उजव्या स्पीकरच्या मागे बसले. प्रत्येक स्पीकरला मागे वायरींच्या दोन जोड्या होत्या: खालची जाड आवाजासाठी, वरची बारीक आवाजासाठी. त्यांनी वरची जोडी दोन्ही टोकांना, स्पीकरकडून आणि अ‍ॅम्प्लिफायरकडून, सोडवली. मीटरचं एक टोक इकडच्या लाल पिनेला लावलं, दुसरं तिकडच्या लाल पिनेला. मीटर गप्प. मग तिकडच्या काळ्या पिनेला लावलं. मीटर पीऽऽ करून ओरडला.

वायर बनवणाऱ्याने एका टोकाला लाल आणि काळी टोपी उलटी बसवली होती. बाहेरून पाहणाऱ्याला सात जन्मांत कळलं नसतं.

दोन पिनांची अदलाबदल केली असती तर विषय तिथेच संपला असता. शरच्चंद्रांनी त्या होत्या तशाच परत लावल्या, धुळीवरचे बोटांचे ठसे रुमालाने पुसले आणि मीटर ट्रंकेत ठेवून दिला. त्या दिवशी त्यांनी दुपारची झोप चांगली घेतली.

तापसच्या चौथ्या खेपेला अजेयचा तोल सुटला. "तुमच्या कानात मळ आहे का?" तो ओरडला. "एवढ्या वेळा येऊन तुम्ही करता काय? टॉर्च मारता आणि चहा पिता!" तापस पिशवी भरत राहिला. स्क्रूड्रायव्हर त्याने चुकीच्या कप्प्यात ठेवला, काढला आणि पुन्हा ठेवला. शरच्चंद्रांनी ते पाहिलं. ते खुर्चीतून उठले, पण तोवर दार लागलं होतं.

अजेयने त्याच रात्री दुकानाला मेल केली. आठवड्याने दुकानातून फोन आला तो कादंबरीने घेतला. साहेबांची तक्रार मिळाली, तापसला घरच्या कामावरून काढून गोदामात टाकलं आहे, आता दुसरा माणूस येईल.

"गोदामात खोकी उचलायला पाठवलं त्यांना!" ती अजेयला म्हणाली. "पन्नाशीच्या माणसाला! तुझ्या एका गाण्यासाठी!"

"काम येत नसेल तर तेच होणार. आमच्याकडेही तेच होतं."

"तू त्यांना वायर बदलू दिलीस का?"

"तू यात पडू नको. तुला दोन कान आहेत आणि दोन्ही बंद आहेत."

भांडण बेडरूममध्ये चाललं होतं. भिंतीपलीकडे शरच्चंद्र अंथरुणावर बसून सगळं ऐकत होते. उद्या सकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं. सकाळी अजेयने त्यांनी फरशीवर ठेवलेल्या चहाच्या कपाखाली खडूची खूण पुसली गेली म्हणून आवाज चढवला, आणि त्यांनी ठरवलेलं गिळून टाकलं. दुसऱ्या दिवशीही गिळलं.

रविवारी एक सुतार टेप घेऊन आला. बाल्कनीचं काचेचं दार आतून लाकडी फळ्यांनी बुजवायचं होतं, म्हणजे दोन्ही भिंती सारख्या होतील.

"हॉलला तेवढाच एक उजेड आहे," कादंबरी म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली आला होता. "हे दार बुजलं तर मी नाशिकला जाईन, अजेय. आणि परत कधी ते विचारू नकोस."

"जा," अजेय म्हणाला.

सुतार टेप हातात धरून खाली बघत राहिला.

"उजवीकडची वरची जोडी उलटी आहे," शरच्चंद्र म्हणाले.

कोणालाच पहिल्यांदा कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग उठून स्पीकरच्या मागे गेले, दोन पिना काढल्या, लाल काळ्यात आणि काळी लालमध्ये बसवली आणि म्हणाले, "लाव."

अजेयने तीच ठुमरी लावली. बाई मध्ये येऊन उभी राहिली. 'स' तिच्या ओठांवर आले, टाळ हातभर मागे गेले, आणि ते दोन काळे खांब जणू खोलीत नव्हतेच. सुतारसुद्धा मान वळवून त्या रिकाम्या जागेकडे बघायला लागला. दोन ओळी झाल्या असतील नसतील, अजेयने गाणं बंद केलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायला जागा होती. आत्ताच लक्षात आलं, असं म्हणता आलं असतं.

"पहिल्या संध्याकाळी," शरच्चंद्र म्हणाले. "मीटर लावून खात्री केली त्यालाही सतरा दिवस झाले."

अजेयचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. "तुम्ही मला मुद्दाम बेवकूफ बनवला. माझ्या घरात बसून."

"बनवलंत," शरच्चंद्र म्हणाले. "तुम्ही बनवलंत. मराठी नीट बोल."

"त्या दोन खोक्यांसाठी? सडलेल्या लाकडासाठी?"

"मला विचारलं नाहीस त्यासाठी. मी तोंड उघडलं तर हात वर केलास, त्यासाठी."

"मग मला शिव्या द्यायच्या! भांडायचं!" अजेय त्यांच्या अंगावर आल्यासारखा पुढे झाला आणि थांबला. "तुम्ही तिथे बसून मजा बघत होता. महिनाभर. असं कोण करतो?"

"तू त्या माणसाशी जे केलंस ते कोण करतं?"

"बाबा," कादंबरी म्हणाली.

ती इतका वेळ बाल्कनीच्या दाराला टेकून उभी होती. तिच्याकडून शरच्चंद्रांना निदान एका शब्दाची आशा होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"तापसदांनी तुम्हाला विचारलं होतं. मी इथेच होते. तुम्ही पेपर वाचत बसलात." ती सावकाश बोलत होती. "माझ्या पायावर पुस्तक पडलं तेव्हाही तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला बर्फ आणून दिलात. मी तुम्हाला थँक्यू म्हटलं."

सुतार हळूच चपला घालून निघून गेला.

सोमवारी सकाळी त्यांनी दुकानाला फोन केला. दोष वायरमध्ये होता, तापसने आधीच वायर बदलून पाहायला सांगितलं होतं, आम्ही करू दिलं नाही, आणि घरात हे मला एकट्याला ठाऊक होतं, असं त्यांनी बंगालीत शब्द जोडून जोडून सांगितलं. पलीकडच्याला शेवटचं वाक्य दोनदा सांगावं लागलं. मग तेच सगळं त्यांनी लिहून पाठवलं, खाली सही करून. अजेयने काहीच लिहिलं नाही. तो म्हणाला, त्याची तक्रार त्या दिवसापुरती बरोबर होती.

दहा दिवसांनी तापस नवी वायर घेऊन आला. त्याला घरच्या कामावर परत घेतलं होतं. त्याने कोणाकडे न पाहता जुनी वायर काढली, नव्या वायरीच्या प्रत्येक पिनेला आपला मीटर लावून खात्री केली आणि ती जोडली. अजेय लॅपटॉपसमोर बसून होता. त्याने गाणं लावलं, मान हलवली आणि सहीसाठी कागद मागितला. त्या दोघांत एवढंच झालं.

"तापसबाबू, चहा?" शरच्चंद्रांनी विचारलं.

"ना, थाक. राहू द्या."

ते त्याच्यामागोमाग लिफ्टपर्यंत गेले. लिफ्ट यायला वेळ लागत होता.

"दुकानात तुमची चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवली," तापस म्हणाला. "त्यात लिहिलंय, तुम्हाला माहीत होतं. मी विचारलं तेव्हाही माहीत होतं?"

"हो."

"माझी बायको म्हणाली, म्हातारा माणूस आहे, विसरला असेल. मीही तिला तसंच झालं म्हणून सांगणार होतो."

"विसरलो नव्हतो."

तापसने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "दादांचं मला काही वाटत नाही, काकू. असे गिऱ्हाईक रोज भेटतात. पण तुम्ही याच लाइनीतले होतात."

लिफ्ट आली. तो आत गेला आणि दार सरकेपर्यंत आपल्या बुटांकडे पाहत उभा राहिला.

आतून अजेयचा आवाज आला, "दार लावा. एसी चालू आहे."